बाईंनी घेतलेला मिक्सर

बाई दुकानात शिरल्या की दुकानदाराकडून माळ्यावरचा सगळा माल खाली उतरवून घेत आणि रिकामी पिशवी हलवत बाहेर पडत. साडीचा पदर खांद्यावर टाकून बघत, पंखा लावायला सांगून त्याच्याखाली उभ्या राहत. "विचार करून सांगते हं," हे इतकं गोड म्हणत की मागे कुणी चडफडतही नसे. आमच्या आळीत त्या चिकट म्हणून प्रसिद्ध होत्या. बायका म्हणायच्या, "नुसती हिंडते, घेत काही नाही." बाईंच्या कानावर ते येई. त्या हसून सोडून देत, कारण खरं सांगायची त्यांना बंदी होती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची भिवंडी, यंत्रमागांची, म्हणजे लूमची. बाई मुंबईच्या एका पाहणी कंपनीचं काम करत. वरवर ते घरोघरी जाऊन कुठला साबण वापरता, कुठला चहा पिता, हे विचारायचं काम. पण अधूनमधून त्यांना खोटं गिऱ्हाईक व्हावं लागे. माल बनवणाऱ्यांना आपला विक्रेता दुकानात काय बोलतो हे हवं असे. बाई गिऱ्हाईक बनून जात, बघत आणि कळवत. कुठे गेलो, काय कळवलं, हे घरीसुद्धा सांगायचं नाही, असा शब्द दिलेला. बाईंनी तो नवऱ्याच्या बाबतीतही पाळला. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते, म्हणून मला तेवढं माहीत.

ओळखीच्या दुकानात त्या जात नसत. दुकानात चहाही घेत नसत. "चहा प्यायलं की मिंधेपणा येतो," म्हणायच्या. आणि त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते आपल्यापाशी." एकदा मी 'विक्रेता मनाने चांगला वाटला' असं लिहिलं, तर त्यांनी ते माझ्यादेखत खोडलं. मला राग आला होता. बाई कडक होत्या, आणि त्या कडकपणाचा त्यांना थोडा ताठाही होता.

मग ते मिक्सरचं काम आलं. मंडईजवळच्या दुकानात एका कंपनीने आपला विक्रेता बसवला होता, जवळच्याच अंजूर गावचा एक हसरा तरुण. मी त्या दिवशी बाईंची नणंद झाले होते. त्याने मिक्सर लावून दाखवला, भांडी उघडून दाखवली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "आमच्याकडे टिकेल ना?"

"ऱ्हाता कुठं ताई?"

"इथंच, लूमच्या आळीत."

त्याने मालकाकडे चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. "मग ह्यो नका घेऊ. सगळे लूम चालू झाले का तुमच्याकडं लाईट डिम होते. ह्याची मोटार जळंल. आमचा न्हाय, तो पलीकडच्या कंपनीचा घ्या. पण मी सांगितलं म्हणून बोलू नका कुठं."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या.

असे दोन शब्द बाईंनी दिले होते, एक कंपनीला, दिसलं ते कळवायचा, आणि एक त्याला, न बोलायचा. त्यातला एकच पाळता येणार होता. त्यांनी कळवलं ते एवढंच, की विक्रेत्याने दुसऱ्याचा माल सुचवला. लाईटचं कारण लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

काही महिन्यांनी आम्ही दोघी रिक्षात बसलो, तर चालवणारा तोच. त्याने आरशातून लगेच ओळखलं. "ताई, मिक्सर घेतलात का मग?"

"घेतला," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"चालतो ना?"

"चांगला चालतो."

"बघा, मी बोललो नव्हतो?" तो खूष झाला. मग म्हणाला, "माझी नोकरी गेली पण. कुणीतरी खोटं गिऱ्हाईक होऊन आला व्हता म्हणतात. टायवाला असंल कुणी. मला तर चेहरा पन आठवत न्हाय. आता भावाची रिक्षा चालवतो."

बाईंनी रिक्षा मध्येच थांबवली. उतरून, तो निघून गेल्यावर त्या सरळ एका दुकानात शिरल्या आणि तो पलीकडच्या कंपनीचा मिक्सर घेतला. काही उघडून दाखवायला सांगितलं नाही. दुकानातून बाईंना काही विकत घेताना मी पहिल्यांदाच बघत होते.

वाटेत मी म्हटलं, "बाई, सांगून टाका त्याला."

"सांगितलं तर माझं मन हलकं होईल. त्याचं काय? त्याला वाटतंय, नोकरी गेली पण एका बाईचं भलं झालं. तेही काढून घेऊ त्याच्याकडून?"

खोट्या गिऱ्हाइकाचं काम बाईंनी सोडलं. पण त्या माणसाने त्यांना सोडलं नाही. बाजारात कुठेही दिसल्या की तो मागून हॉर्न वाजवायचा, "ताई, बसा." बाई निमूट बसत आणि पुढची दांडी घट्ट धरून ठेवत. पुढे पुढे तर घराबाहेर कुठलीही रिक्षा थांबली की त्यांच्या हातातलं लाटणं थबकायचं. माझी चौकशी करता करता एकदा अचानक म्हणाल्या, "दिसलं ते लिही, आणि का, तेही लिही. कुणी विचारो न विचारो." ते काम करत होते तोवर मी तसंच लिहिलं. एकदोनदा त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

बाई आजारी पडल्या आणि फार दिवस काढले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी तो रिक्षावाला मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आला. फोटोला हात जोडून माझ्यापाशी थांबला.

"तुम्ही ताईंच्या नणंद ना? त्या दिवशी दुकानात व्हतात."

शेजारीच बाईंची सख्खी नणंद बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले.

"मिक्सर चालतो अजून?"

"चालतो."

"लोकं ऐकत न्हाईत हो कुणाचं," तो डोळे पुसत म्हणाला. "ताईंनी ऐकलं माझं."

तो गेला. 

बाईंच्या यजमानांनी तो मिक्सर मलाच दिला. संध्याकाळी आळीतले लूम सुरू झाले की माझ्या स्वयंपाकघरातला दिवा मंद होतो, मिक्सरचा आवाज खोल जातो, आणि झाकणावर हात दाबून मी उभी राहते. मोटार जळत नाही. त्याने सांगितलं होतं तसंच, आणि तेच खरं सांगितल्यापायी त्याची नोकरी गेली. रोज मला वाटतं, आज तरी जळू दे.