कोकरू कुणाचं

परवा सांगलीच्या बाजारात एक नवं घोंगडं सहज नाकाशी धरलं आणि जतकडच्या माळावरची एक संध्याकाळ आठवली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि आमच्या सरांच्या संशोधनासाठी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासत गावोगाव फिरत होते. मेंढवाड्यातल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी छापील कागदावरचे सगळे प्रश्न विचारले. वार, महिना, गावाचं नाव, त्याला काहीच सांगता येईना. मी शून्य लिहून उठले, तेवढ्यात त्याचा मुलगा म्हणाला, "आवं डाक्टरबाई, मेंढरं येईस्तवर थांबा की." मेंढ्या चरून परतल्या आणि जाळीत कोंडलेली कोकरं एकदम ओरडायला लागली. म्हातारा उठला. एकेक कोकरू उचलून त्याचं तोंड बघायचा आणि त्या गलक्यातून नेमकी त्याची आई हुडकून तिच्या कासेला लावायचा. परक्या कोकराला मेंढी ढुशी मारते. चाळीसएक कोकरं लावली, पण एकाही मेंढीनं ढुशी मारली नाही. हे कागदावर कुठं लिहायचं, मला कळेना. शेवटचं कोकरू मुलानं त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं कोकराकडं पाहिलं, मग मुलाकडं, आणि मायेनं विचारलं, "तू कुणाचा रं, लेकरा?" "तुमचाच की, आबा." म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरून चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाला, "आसंल." पुढं जन्मभर मी मेंदूचाच अभ्यास केला. ती चाळीस तोंडं त्यात कुठं टिकून होती आणि हे एकच कसं निसटलं, ते मी अजून शोधतेय.