न आलेल्या गिरणीचा आवाज

आईनं घरगुती पिठाची गिरणी मागवली ती रागाच्या भरात. लातुरात आमच्या गल्लीच्या टोकाला गिरणी आहे. तिथल्या चाचांनी कुणाच्या तरी हरभऱ्याच्या दळणावरच आमची ज्वारी दळली आणि भाकरीला बेसनाचा वास आला, असं तिचं म्हणणं. मी फोनवरून ऑर्डर दिली, पैसेही आधीच भरले. इथवर ठीक होतं. पण आईला दम कुठला? गिरणी यायच्या आधीच तिनं रांगेतल्या बायकांसमोर चाचांना सुनावलं, की आता घरीच गिरणी येऊन राहिली, तुमची पायरी काही मी पुन्हा चढत नाही.

गिरणी आली नाही. कंपनी रोज उद्याचा वायदा करायची. मग एक दिवस फोनवर मेसेज आला, तुमची वस्तू पोचली. मी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आम्हाला पोचलेली दिसते. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"तुला तिकडून दिसून राहिली, मग मला घरात का दिसंना?"

इकडं गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, आली का गिरणी? आई म्हणाली, आली की. त्या थापेला जोड म्हणून ती रोज सकाळी खिडकी उघडून मिक्सरमध्ये वाटीभर ज्वारी फिरवू लागली. आवाज मोठा यावा म्हणून मिक्सर उपड्या पत्र्याच्या डब्यावर ठेवायची. मिक्सर तापायचा, आईही तापायची. खरं दळण बाबा स्कूटरवर घालून पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणायचे. ते पीठ आईला फार पसंत होतं. याला म्हणतात दळण, असं ती भाकरी थापताना म्हणायची.

मी नोकरीला नांदेडात. सुट्टीला घरी आले की तक्रारी लिहायचं काम माझ्याकडं. आधी ग्राहकांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तिथं कंपनी बधली नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. त्यावर कंपनीनं जे उत्तर दिलं ते वाचून मी कपाळाला हात लावला. त्यांच्या माणसानं म्हणे आमच्या गल्लीत चौकशी केली होती. रोज सकाळी यांच्या गिरणीचा आवाज येतो, कान किटले, असं शेजारणीनं लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, आयोगात मिक्सरचं खरं सांगून टाकू. आई म्हणाली, पैसे बुडाले तरी चालतील, पण गल्लीत माझं हसं करायचं नाही. मला असला राग आला! एक तर ती कंपनी खोटारडी, आणि आमचा मिक्सर तिचा साक्षीदार.

सुनावणीला बाबा चक्क चाचांनाच घेऊन आले. आईनं तोंड फिरवलं. अध्यक्ष मॅडमनी विचारलं तेव्हा चाचा उभे राहिले.

"यांच्या घरी गिरणी न्हाई, मॅडम. दळण माझ्याकडंच येऊन राहिलंय. साहेब दुपारी गर्दी नसताना डबा आणतात." मग आईकडं न बघता ते म्हणाले, "आता हरभऱ्यावर न्हाई घालत. आधी माझी मूठभर ज्वारी टाकून गिरणी साफ करतो, मगच भाभींची."

बाबा छताचा पंखा बघत बसले. गावाचं दुसरं टोक ते हेच.

कंपनीचा वकील काही ऐकेना. मग रोज सकाळी आवाज कशाचा येतो, असं त्यानं विचारलं. मॅडमनी आईकडं पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. आईनं पदर सावरला.

"मिक्सरचा," आई म्हणाली. "बायकांत लाज जाईल म्हणून फिरवून राहिले होते."

मॅडम हसू दाबत लिहीत राहिल्या. पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला आणि पैसे परत मिळाले. पण आई निकालासाठी थांबली नाही. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, ती डबा कमरेवर घेऊन चाचांकडं गेली. मी मागं होते. रांगेत ती शेजारीणही होती. बायकांची कुजबुज सुरू झाली. आईचे कान लाल झाले, पण ती हलली नाही.

आमचा नंबर आला. नुकताच कुणाचा तरी हरभरा निघाला होता. चाचांनी आपल्या ज्वारीच्या पोत्यात हात घातला.

"तुमची राहू द्या, चाचा," आईनं आमच्या डब्याचं झाकण उघडलं. "यातली घ्या मूठभर."