पालखी आमच्या दाराकडे वळत होती

शांतारामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा आई मोड आलेले वाल सोलत बसली होती. फोन त्यांच्या मुलाचा, महेंद्रचा होता. सकाळी चहा घेतला, अंगणात फणसाखाली जाऊन बसले आणि बसल्या जागी मान कलली, एवढंच त्यानं सांगितलं. मी आईला सांगितलं. तिनं हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला, मग आणखी एक घेतला, तोही सोलला. "पोटात काही होतं काय त्यांच्या?" तिनं विचारलं. चहा घेतला होता म्हणे, मी म्हटलं. "चहा तरी घेतला," असं काहीसं ती पुटपुटली... आणि पातेलं तसंच टाकून देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. याला आता दीड महिना होत आला. काकांवर लिहावं असं रोज वाटतं आणि रोज पेन खाली ठेवते. लहानपणी ज्या माणसाची मला सगळ्यांत जास्त माया लाभली, त्यानंच आमच्या घराला सगळ्यांत मोठी जखम केली. ती आपण केली हे कबूल करायलाही अख्ख्या गावातून तोच एकटा आला. यातलं एक लिहावं तर दुसरं खोटं वाटू लागतं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, त्या गावची माणसंच तशी, आणि मला सांगायचं आहे ते याच्या अगदी उलट आहे. काका आणि माझे वडील शेजारी आणि एकाच वयाचे. दोघांच्या घरांमध्ये एक बांध होता आणि त्या बांधावर माणसांच्या जाण्यायेण्यानं पडलेली वाट. काकांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड होता. शिमग्यात गावदेवीची पालखी निघते, तिच्या दांड्याचं पुढचं टोक धरायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि वर्षानुवर्षांच्या त्या दांड्यानं खांद्यावर घट्टा पडला होता. ओढ्याला पाणी असलं की शाळेत जाताना ते मला त्याच खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचे. "देवीची जागा हाय बाय ती, लाथा मारू नको," म्हणायचे. मी मुद्दाम मारायचे. मग ते पाण्याच्या मधोमध थांबून विचारायचे, "टाकू काय?" आणि मी त्यांचे केस धरून हसायचे. करवंदांच्या दिवसांत पळसाच्या पानाचा द्रोण करून ते आमच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे. हाक मारायची नाही, नुसता द्रोण. आतून वडील ओरडायचे, "शांत्या, आंबट निघाली तर परत आणून देईन."

मी नऊ वर्षांची असताना गावाला वरच्या झऱ्याचं पाणी नळानं खाली आणायचं होतं. त्या झऱ्यावर डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या धनगरवाडीची गुरं पाण्याला येत. कचेरीतला साहेब चौकशीला यायचा होता. हे पाणी आपल्याशिवाय कुणी वापरत नाही असं सगळ्यांनी सांगायचं, हे गावकीत ठरलं होतं. सगळ्यांनी तसं सांगितलं. काकांनीही सांगितलं. वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्या आज्यापासून त्यांची गुरं इथं पितात. त्यांनी भाषण केलं नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही. विचारलं ते खरं सांगितलं आणि दुपारी नेहमीसारखे गवत कापायला गेले.

आम्हाला वाळीत टाकलं. आता त्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा नव्हता. पण कायद्याच्या भाषेत मांडावं असं त्यात कुणी काही केलं म्हणावं, तर कुणीच काही करत नव्हतं. न्हावी येत नव्हता. बांधावरच्या वाटेवर गवत वाढत होतं. मी शाळेत ज्या बाकावर बसायचे तिथं बाकीच्या दोघी दुसऱ्या टोकाला सरकत होत्या. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे मला दिसायचं. वडील दाढीवरून हात फिरवत म्हणायचे, "आणखी दोन महिने असंच चाललं तर साधू होतो. मग हेच येतील पाया पडायला." आई हसायची नाही. काका यायचे बंद झाले. एकदा मी ओढ्यापाशी उभी होते, पाणी फार नव्हतं. ते पलीकडच्या काठावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विळ्याची धार बघायला लागले.

आईचा भरवसा शिमग्यावर होता. माणसांनी टाकलं तरी देवी कशी टाकेल, असं ती म्हणायची. पालखी दारोदार येते, अंगणात पाटावर बसते आणि घरची बाई देवीची ओटी भरते. आमच्याकडे ही समजूत पक्की आहे की पालखी कुठं जायचं ते धरणारे ठरवत नाहीत. देवी ओढते, खांदे नुसते मागे जातात. आईनं अंगण सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला, नवीन खण, नारळ, तांदूळ ताटात घेऊन ती ऊन चढेपर्यंत उभी राहिली. ढोल जवळ आले. पालखी वळणावर आली. पुढे काका होते. वळणावर ती क्षणभर थबकली, मला आजही दिसते... आणि सरळ निघून गेली. मागून येणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "देवीलाच नको हाय, तर माणसानं काय करावं?" आईनं ताट खाली ठेवलं. संध्याकाळी तिनं देव्हाऱ्यातला देवीचा चांदीचा टाक लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. माणसांचं तिला फारसं लागलं नव्हतं. हे लागलं.

पुढच्याच वर्षी आम्ही महाडला आलो. वडिलांना लाकडाच्या वखारीत काम मिळालं, मी इथंच शिकले आणि पुढे इथंच शिकवलं. गावानं काही वर्षांनी आम्हाला परत घेतलं. म्हणजे कुणीतरी लग्नाची पत्रिका पाठवली. झालं गेलं कुणी काढलं नाही. काढायला कुणी काही केलेलंच नव्हतं. वडील परत गेले नाहीत. आईनं टाक बाहेर काढला नाही. मग वडील वारले.

त्यानंतर वर्षाच्या आतच एका दुपारी काका दारात आले. मी वीस वर्षांची होते, परीक्षेचं वाचत होते. हातात नाचणीची पिशवी, अंगात धुतलेला सदरा. "येऊ का?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता, पण आतही न येता, तिथंच उभे राहिले. आई पुढे गेली. रामाला सांगायचं राहिलं, असं त्यांनी सुरू केलं. रामा म्हणजे माझे वडील.

"वहिनी, पालखी तुमच्या दाराकडं वळत होती. खांद्याला ओढ लागली ती तुमच्या अंगणाच्या अंगाला. मी उलटीकडं रेटली. देवीनं तोंड नाय फिरवलं. मी फिरवलं."

"कुणी सांगितलं होतं?" आईनं विचारलं.

"तोंडानं कुणीच नाय."

आई बराच वेळ त्यांच्या खांद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी तिला तोंड दाखवलं नाय, भावोजी. आणि तुम्ही दरसाल तिला खांद्यावर घेऊन फिरलात."

"होय," काका म्हणाले.

"जा आता."

ते गेले. नाचणीची पिशवी उंबऱ्याबाहेर राहिली. संध्याकाळी आईनं ट्रंक उघडली, टाक रांगोळीनं घासला, देव्हाऱ्यात ठेवला आणि दिवा लावला. ती रडत होती, पण मला वाटतं, ते रडणं काकांसाठी नव्हतं आणि वडिलांसाठीही नव्हतं. देवीची माफी मागत होती ती.

त्या वर्षीच्या शिमग्यात काकांनी हेच सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, सगळ्या गावासमोर सांगितलं. मला हे महेंद्रकडून कळलं. गाव चिडलं. काकांनी पालखी रेटली म्हणून नव्हे, सांगितलं म्हणून. पालखी रेटता येते असं एकदा मानलं की आजवर ती कुणाकुणाच्या दारावरून पुढे गेली ते सगळंच उघडं पडतं. "तुझा एकट्याचाच खांदा होता काय रे दांड्याला?" कुणीतरी विचारलं आणि लोक हसले. काका म्हणाले, "बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं. माझ्या खांद्याचं मी सांगतो." त्यांनी दांडा सोडला तो कायमचा. मान पुतण्याकडे गेला. पुढे कित्येक वर्षं ते पारावर येऊन बसले की कुणी ना कुणी म्हणायचं, "सरका रे, धर्मराज आले." घरी काकूही सोडायच्या नाहीत. एवढं होतं तर तेव्हाच जीभ का नाही चालली, हा त्यांचा प्रश्न.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि शिकवली. दुष्टपणा त्यांत बहुधा तोंडावळ्यासकट येतो. तो ओळखू येतो, त्याला काहीतरी हवं असतं. मी जो पाहिला त्याला चेहरा नव्हता. चार खांद्यांवर वाटलेलं ते वजन होतं, प्रत्येकाला आपल्या वाट्याचं अगदी हलकं वाटावं असं, आणि उरलेलं देवीच्या नावावर टाकलेलं. देवी खरंच ओढते का, मला माहीत नाही. कदाचित दरवर्षी त्या दारात वळायची पावलांना सवय झालेली असेल. पण काहीतरी आमच्या दाराकडे वळत होतं, हे काकांनी सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. चांगलं आपसूक घडत होतं, वाईट करायलाच जोर लावावा लागला... एवढासा. एकदा मी काकांना म्हटलं, तुम्ही घाबरला होतात, सगळेच घाबरले होते. त्यांना ते आवडलं नाही. "भ्यालो होतो ते खरं हाय बाय. पण भीतीला खांदा नसतो," म्हणाले.

हे बोलणं झालं ते आमच्या दाराबाहेर. पहिल्या भेटीनंतर पुढच्या शिमग्याचा सण सरल्यावर ते पुन्हा आले, मग दरवर्षी येत राहिले. पोलादपूरहून एसटीनं, पिशवीत नाचणी किंवा वरी. आई दार उघडायची, पण या म्हणायची नाही. ते विचारायचेही नाहीत. दुसऱ्या वर्षी तिनं दाराबाहेर एक लाकडी स्टूल ठेवलं, तिसऱ्या वर्षी चहा दिला. मी लग्न केलं नाही, आईजवळच राहिले, त्यामुळे यातली एकही भेट माझी चुकली नाही. भातं कशी आहेत, धनगरवाडीला आता रस्ता झाला, फणस यंदा कमी धरला, अशा गोष्टी ते उंबऱ्याच्या बाहेरून सांगायचे आणि आई आतून ऐकायची. आम्ही चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या अलीकडे राहतो. कधी त्यांचं येणं आणि मार्चमधली तळ्यावरची गर्दी एकाच दिवशी पडायची. निळे झेंडे घेऊन जाणाऱ्या माणसांकडे बघत ते एकदा म्हणाले, "पाण्यापायी एवढी माणसं एकत्र आली. रामा एकटा होता, आणि मी शेजारी असून नव्हतो." ती तुलना फार मोठी होती, वडिलांनाही ती रुचली नसती. पण काका स्वतःला मोजत होते, वडिलांना नाही, हे मला कळत होतं.

या वर्षी ते आले ते काठी टेकत. ऊन फार होतं, जिना चढून दम लागला होता, ओठ पांढरे पडले होते. स्टुलावर बसले. आईनं चहा आणला आणि कप हातात न देता तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आत या. पंख्याखाली बसा."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच म्हणत होती. मी पुस्तक मिटलं. काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं, आत देव्हाऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसत होते.

"नको वहिनी. इथंच बरं हाय. ही जागा माझी मी केलेली हाय."

आईला राग आला असावा. तिनं कप त्यांच्या हातात ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून म्हणाली, "हट्टी मेला." काका मोठ्यानं हसले. पूर्वी ओढ्याच्या मधोमध हसायचे तसे. चहा संपवून कप त्यांनी नेहमीसारखा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवला. त्यांचा हात तेवढाच आत यायचा.

परवा जिना झाडताना मी ते स्टूल उचललं. एक पाय लुळा झाला आहे, त्याखाली मी कधीतरी वहीचा पुठ्ठा दुमडून घातला होता, तो तसाच आहे. माळ्यावर टाकू का, म्हणून आईला विचारलं. ती देव्हाऱ्यापुढे वात वळत होती. तिनं मान वळवून पाहिलं.

"आत घे," म्हणाली. "पंख्याखाली ठेव. आता भावोजींना विचारायचं नाय."

मी ठेवलं. पुठ्ठाही खाली नीट सरकवला. आम्ही दोघी त्यावर बसत नाही. संध्याकाळी दिवा लागला की आई चहा करते. तिचा कप घेऊन ती शेजारी जमिनीवर बसते, आणि दार थोडा वेळ उघडंच राहू देते.