धुवायला काढलेली काजळी

"ताजी काजळी पाण्याला ओळखत नाही, हवेत चार दिवस काढले, अंगावर आम्लाचा थर चढला, की मग ओलावा धरायला शिकते," असं वजनमास्तर एकदा आपल्या व्याह्यांना म्हणाले. व्याह्यांनी फक्त तब्येत विचारली होती.

प्रदूषण कार्यालयात ते हवेतली काजळी तोलत, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं हे नाव. कार्यालयाच्या गच्चीवरचं यंत्र काचतंतूंच्या पांढऱ्या चकतीतून हवा ओढी. दुसऱ्या दिवशी काळी झालेली चकती मास्तर बंद खोलीत दिवसभर स्थिरावू देत, मगच काट्यावर ठेवत. सव्वीस वर्षं. घरी आल्यावरही ते अर्धा तास खुर्चीत नुसते बसत. बायको विचारी, "स्थिरावलात? मग नळाचा वायसर बदला."

यंदा कार्यालयाच्या रस्त्याला शुद्ध हवेचा फलक मिळणार होता. एकदा फलक लागला की यंत्र उतरवणार. शुद्ध हवेला यंत्र कशाला? तीन वाजता समिती चकती बघायला येणार होती, आणि समोरच्या आगारातल्या बसगाड्यांनी ती तव्यासारखी करून ठेवली होती.

"धुऊन टाका," साहेब म्हणाले.

"कोवळी आहे साहेब, नुसता कार्बन. पाणी लागत नाही तिला."

"मग साबण लावा!"

साहेबांनी स्वतः बाह्या सारल्या. टायपिस्टबाईंनी नळ सोडला. पाण्याचे मणी चकतीवरून घरंगळून गेले. साबणाने ती एकदाची भिजली, पण काळी ती काळीच.

"उलट तुकतुकीत दिसतेय," बाई म्हणाल्या आणि पर्समधून केस वाळवायचं यंत्र काढून तिच्यावर फुंकर घालू लागल्या.

साहेबांनी अर्धओली चकती काट्यावर टाकली. वजन वाढलं होतं.

"धुतल्यावर वाढतं? मास्तर, हवा स्वच्छच आहे हो, तुमचा काटा घाणेरडा आहे!"

मग त्यांनी कोरी चकती पुढे सरकवली. "हिच्यावर परवाची तारीख घाला आणि सही ठोका. तुमची सही असली की कुणी वजन विचारत नाही."

जिन्यात समितीची पावलं वाजली. मास्तरांनी नोंदवही ओढली. वजनाच्या रकान्यात सावकाश लिहिलं : 'चकती साहेबांनी साबणाने धुतली.' खाली सही केली. वही टेबलावर दाराकडे तोंड करून उघडीच ठेवली, काट्यावर झाकण घातलं आणि समितीला वाट देत बाहेर पडले.