दाढ काढण्याआधी

"डाव्या किडनीत गाठ आहे आणि दोन्ही फुप्फुसांत ठिपके दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कॅन्सर, आणि तोही पसरलेला. माझे यजमान प्रभाकर रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, डॉक्टरांना नाही. "देवळ्याला कळवायचं नाही ना?"

देवळा म्हणजे त्यांचं गाव; तिथे त्यांचा धाकटा भाऊ आणि सगळे भाऊबंद. आमच्या मुलीसाठी तिकडचंच एक स्थळ आलं होतं. बापाला कॅन्सर म्हटलं की लोक पोरीकडेही संशयानं बघतात. मी म्हणाले, "नाही कळवायचं."

डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. अँटी-अँजिओजेनिक औषध. "गाठीला वाढायला रक्त लागतं," त्यांनी समजावलं. "त्यासाठी ती आपल्याकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. ही गोळी त्या वाहिन्या तयार होऊ देत नाही. गाठीची उपासमार होते. पण जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात, आणि गोळीला त्यातला फरक कळत नाही. साधा दात काढायचा असला तरी आधी मला विचारा."

गोळीनं छळलं. बी.पी. वाढलं. तळपायांना फोड आले. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस भिंत धरून संडासला जायचा. केस पांढरेफटक झाले. पण तिसऱ्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये ठिपके निम्म्यावर आले होते. त्या दिवशी घरी आल्यावर प्रभाकर बराच वेळ आरशासमोर भांग पाडत होते.

मग दाढ दुखायला लागली. दोन रात्री झोप नाही, गाल सुजलेला. घराजवळ, इंदिरानगरातच, दातांचा दवाखाना होता. रिसेप्शनवरची बाई आमच्याच सोसायटीतली. तिनं फॉर्म पुढे केला. कुठली औषधं चालू आहेत? मी लिहिलं, 'बी.पी.ची गोळी.' प्रभाकर शेजारून वाचत होते. आत दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "अजून काही औषध?"

"नाही," मी म्हणाले.

दाढ निघाली. खड्डा मात्र भरेना. पाचव्या आठवड्यात आत हाड दिसायला लागलं. तोंडाला इतका वास यायचा की मुलगी आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. त्यांना ते दिसायचं. मग तेच स्वतःहून बाल्कनीत जेवायला बसू लागले.

तेव्हा कुठे आम्ही कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "ऑस्टिओनेक्रोसिस," ते म्हणाले. "म्हणजे जबड्याचं हाड मरतंय. गोळी थांबवावी लागेल."

"आणि गाठ?"

त्यांनी पुढच्या स्कॅनचा कागद लिहायला घेतला.

मेलेलं हाड खरवडून काढलं. अडीच महिन्यांनी हिरडी भरून आली. त्याच आठवड्यातल्या स्कॅनमध्ये ठिपके पहिल्यापेक्षा मोठे होते आणि आजार मणक्यातही उतरला होता. "रक्त पुन्हा पोचायला लागलं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "दोन्हीकडे पोचलं."

गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी तिचा उपयोग झाला नाही.

शेवटी शेवटी एका दुपारी मी त्यांना म्हणाले, "माझ्यामुळे झालं." त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणूनच मी ते बोलले होते.

"हो," ते म्हणाले. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "पण तू काय लिहिलंस ते मीही वाचलं होतं. निम्मं माझं."

त्या निम्म्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. उरलेलं निम्मं माझ्याकडे आहे.

दहाव्याला देवळ्याचे दीर माझ्याजवळ येऊन बसले. "वहिनी, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "गावच्या एकानं तुम्हाला दवाखान्यात बसलेलं पाहिलं व्हतं. पोरीच्या स्थळवाल्यांनाबी मीच सांगितलं. त्यांचं काय म्हणणं नाय. तुम्ही बोलत नव्हते, मंग आम्ही तरी कसं विचारणार?"

मी त्यांना चहा दिला.

तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना सांगा, टाके घालणाऱ्याला सांगा, फॉर्मवर लिहा. रिसेप्शनवर ओळखीचं कुणी बसलेलं असलं तरी लिहा. ज्यांच्यापासून लपवताय, त्यांना बहुतेक ते ठाऊकच असतं.