टिकली लावलेली फ्लॉपी

आमच्या साडूंइतका संशयी माणूस नागपूर ते इटारसी या अख्ख्या लोहमार्गावर दुसरा झाला नसेल. माणसांवर त्यांचा संशय नव्हता. फलाटावर अनोळखी माणसाची पेटी सांभाळत ते स्वतःची गाडी चुकवत. संशय होता तो फ्लॉपीवर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पांढुर्ण्याबाहेरच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी ठेवायला कॉम्प्युटर आला आणि टाइम ऑफिसमधल्या आमच्या साडूंच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, गेली. मूलबाळ नव्हतं. या दोन घटनांमध्ये तीन महिन्यांचंही अंतर नव्हतं, त्यामुळे त्यांनी त्या मशीनची जी काळजी घेतली, तिच्यातली किती खरोखर मशीनसाठी होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मशीनच्या खोलीत चपला चालत नसत. उंबऱ्यावर ओलं पोतं असे, त्यावर पाय पुसायचे, म्हणजे पायाला चिकटलेले कापसाचे तंतू आत जात नाहीत. हजेरीचा प्रोग्राम नागपूरच्या एका लहानशा कंपनीने लिहिला होता. त्यातल्या चुका सुधारून ती दर तीन-चार महिन्यांनी नवी फ्लॉपी काढी. पोस्टाने मागवता आली असती, पण पोस्टमन तिच्यावर शिक्का आपटेल या भीतीने साडू स्वतः पॅसेंजरने जात आणि जुन्या रजिस्टरच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ती बांधून मांडीवर घेऊन येत. एकदा काटोलला त्यांच्या शेजारी एक गृहस्थ ट्रान्झिस्टर घेऊन बसले. साडू उठले आणि काटोल ते पांढुर्णा दाराजवळ उभे राहिले, कारण रेडिओत लोहचुंबक असतं आणि लोहचुंबकाने फ्लॉपी पुसली जाते. अशी आणलेली नवी फ्लॉपीही लगेच कामाला लागत नसे. आठ दिवस खोट्या नावांच्या खोट्या हजेरीवर तिची परीक्षा चाले. "नवी सून आल्या आल्या कोनी घरच्या चाब्या देते का, गुरुजी?" ते मला विचारत. मी सौसरला शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना साडभाऊ.

बाहेरची फ्लॉपी तर त्या खोलीत अजिबात चालत नसे. स्टोअरबाबू एकदा कुठूनसा एक खेळ आणून म्हणाले, "पाच मिनिटं लावून पाहू न. का सोवळं नेसून बसता मशीनजवळ?" साडू अगदी शांतपणे म्हणाले, "बाबूजी, तुमच्या आज्यानं माह्या आज्याले विहिरीवर चढू देल्लं नाही. मी तुमची फ्लॉपी मशीनवर चढू देत नाही. झाली न फिट्टंफाट?" स्टोअरबाबू मोठ्याने हसले, मग हसायचे थांबले आणि फ्लॉपी पिशवीत घालून गेले. हा किस्सा साडू रंगवून सांगत. त्यानंतर त्या खोलीत चहाच्या वेळी कुणी डोकावेनासं झालं, हे मात्र ते सांगत नसत. ते मी पाहत होतो. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी बसने पांढुर्ण्याला जाई, पाय पुसून आत बसे आणि पुस्तक वाचत राही. आम्ही दोघंही फारसे बोलत नसू. मशीनच्या पंख्याचा आवाज येत असे.

हजेरीची एक प्रत ते वेगळ्या फ्लॉपीवर ठेवत. त्या वेळच्या फ्लॉपीला कडेला एक चौकोनी खाच असे. ती झाकली की मशीन तिच्यावर काही लिहू शकत नसे, फक्त वाचू शके. झाकायला कागदी स्टिकर मिळत. पण साडूंचं मत असं की स्टिकर पांढुर्ण्याच्या उन्हाळ्यात सुटतात. त्यांनी वेगळाच उपाय काढला होता. पत्नीच्या पेटीत मखमली, मरून टिकल्यांची काही पाकिटं राहिली होती. एक टिकली कडेवर दुमडून चिकटवली की खाच बरोबर झाकली जाई. नवी हजेरी भरताना टिकली काढायची, भरून झाली की नवी लावायची. टाइम ऑफिसातले लोक म्हणत, "बाबूजीच्या फ्लॉप्या सवाष्ण आहेत बाप्पा!" टिकली लावल्यावर साडू ती अंगठ्याने जरा जास्तच वेळ दाबून धरत.

एका हिवाळ्यात ते नागपूरला गेले असताना मॅनेजरांनी दुसऱ्या चावीने खोली उघडली आणि कुणा पाहुण्यांना मशीनवर खेळ दाखवला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक टिंब चेंडूसारखं इकडून तिकडे उड्या मारू लागलं. खेळाच्या फ्लॉपीतून रोग आला होता. मशीनमधली हजेरी उघडेना. साडू घाबरले नाहीत. प्रत होती. त्यांनी ती आत घातली, आणि थोड्या वेळाने तीही उघडेना. बाहेर काढून पाहिलं तर खाच उघडी होती. टिकली फ्लॉपीच्या कागदी पाकिटात गळून पडली होती.

ही हजेरी म्हणजे एकतीस रोजंदारी कामगारांचे दिवस. ज्यांचे दिवस पुरेसे भरले त्यांना कायम करायचं ठरलं होतं. यादी मार्चअखेर गेली नाही, तर सगळे पुन्हा पहिल्या दिवसापासून रोजंदार. कागदी मस्टर मॅनेजरांनी कॉम्प्युटर आल्याच्या आनंदात रद्दीत काढले होते.

त्या शनिवारी साडू आमच्या घरी सौसरला आले. म्हणाले, "जुनीच टिकली पुन्हा लावली होती, गुरुजी. गोंद गेला होता तिचा."

"नवी का नाही लावली?"

"सरल्या न. बाजारात गेलो होतो, तीनदा. दुकानवाली इचारते, कोन्त्या नंबरची देऊ? मागून आपल्या गल्लीतली बाई म्हनते, काय भाऊ, घरात कोनी आनून राहिले का? मंग मी म्हटलं, बटनं द्या." ते जरा हसले. "तीन डझन बटनं झाले घरी."

माझी बायको दाराशी उभी होती. "मले सांगाचं न, भाऊजी."

"तुले कसं मागू? तिच्या बहिणीले?"



मग साडूंनी सायकल काढली. ज्या माणसाने माझ्याशिवाय कुणाला खोलीत पाय ठेवू दिला नव्हता, तो कामावरून सुटला की वही घेऊन एकेकाच्या घरी जाऊन बसू लागला. पगाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद, लग्नपत्रिका, जे सापडेल त्यावरून एकेक दिवस जुळवायचा. दिवस खरे लागावेत म्हणून शेजाऱ्यांनाही विचारायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. सावरगावात एकाने सांगितलं, "गोटमारीच्या दिवशी मी पुलापाशी होतो, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. दोन खाडे लिहा." आतून त्याची बायको ओरडली, "तीन लिहा बाबूजी! तिसऱ्या दिवशी पट्टी दाखवत गावभर फिरून राह्यले होते!" असल्या गोष्टी ते आम्हाला येऊन सांगत. कुणाकडे काळा चहा झाला, कुणी पिशवीभर संत्री दिली, कुणाच्या म्हाताऱ्या आईने जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. मेहुणी गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या अंगावर थोडं मांसही आलं.

फेब्रुवारी संपता संपता तीस नावं झाली. उरली होती एक बाई, बाळंतपणासाठी रामाकोन्याला माहेरी गेलेली. सौसरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने जायचं, म्हणून साडू शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला आले. त्या रविवारी म्हणाले, गाडी चुकली. गाडीची शिट्टी त्यानंतर झाली. पुढच्या रविवारी माझ्या बायकोने कोथिंबिरीच्या सांभारवड्या केल्या होत्या, त्या टाकून कुठे जायचं? तिसऱ्या रविवारी ऊन फार होतं. अंगणात खाटेवर बसून ते संत्रं सोलत होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "साडभाऊ, तीस घरं थांबून आहेत."

ते सोलायचे थांबले. "हो जी. माहीत हाय मले." फोडी त्यांनी माझ्या बायकोच्या ताटलीत ठेवल्या. "यादी देल्ली का मंग काय हाय, गुरुजी? मंग कोनाच्या घरी कायच्या कामानं जाऊ?"

माझ्या घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. तरी मी "चला, मीही येतो," एवढंच म्हणालो.

त्या बाईने दर सुट्टीला माहेरी आली की दाराआडच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून आपले दिवस ठेवले होते. मांडीवर मूल घेऊन ती मोजत गेली, साडू लिहीत गेले. दहा मिनिटांत सगळं झालं. परतीच्या गाडीत ते वही मांडीवर धरून बसले होते. सौसरला उतरल्यावर जेवायला थांबले नाहीत, उभ्या उभ्या पांढुर्ण्याची बस धरली.

यादी वेळेत गेली. एकतीसच्या एकतीस लोक कायम झाले. साडूंनी हजेरीच्या तीन प्रती केल्या, खोलीचं कुलूप बदललं आणि पुन्हा आत जाऊन बसले. तोवर मला शाळेत परीक्षांचं काम लागलं, आणि मग माझे शनिवारही तुटत गेले. पुढच्या थंडीत एका सकाळी त्यांनी घराचं दार उघडलं नाही; ते झोपेतच गेले होते.

त्या तिसऱ्या रविवारी मी बोललो ते बरोबरच होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन, तीस घरं ही काही लहान गोष्ट नाही. फक्त त्याला जोडून आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, की यादी झाली तरी येत जा, काम नसलं तरी या. ते त्यांना माहीतच असेल, असं मी धरून चाललो.