चारी बाजूंनी शिवलेला खिसा

टाचणीमावशी बाईंना पहिल्यांदा दिसल्या त्या शाळेच्या शिवणखोलीत, ओठांत चार टाचण्या धरून. बाई शाळेत नव्या होत्या आणि विद्यार्थ्यांच्या सेवाप्रवासाची जबाबदारी नुकतीच त्यांच्या गळ्यात पडली होती. शाळा मिशनची. दर मोठ्या सुट्टीत बारा मुलं समुद्रापलीकडच्या एका छोट्या मिशनशाळेत तीन आठवडे जात, भिंती रंगवत, तिथल्या लहानग्यांना शिकवत. प्रत्येकाच्या कमरपट्टीला आतून पासपोर्टचा खिसा मावशी शिवत. निघायच्या सकाळी पासपोर्टही त्याच आत सरकवत, वरून दोनदा थोपटत आणि पुटपुटत, "देवा, सांभाळ रे." मुलं काही मागायचं तर नेमकी टाचण्यांच्या वेळी येत, कारण तेव्हा मावशींना नाही म्हणता येत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी बारा नावांत मावशींच्या लेकीचं नाव आलं. तिचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते. घरात दोघीच.

संमतीचा कागद आठ दिवस मशीनच्या चाकाखाली पडून राहिला.

"मावशी, सही?" बाईंनी विचारलं.

"एवढी बाही होऊ दे."

"ही बाही कालपासून चाललीय."

मावशींनी टाचण्या काढून डबीत टाकल्या. "बाई, लोकांच्या पोरांसाठी इतकी वर्षं प्रार्थना केली, कधी भीती वाटली नाही. आपली निघाली की देव जरा लांब गेल्यासारखा वाटतो."

बाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. बाही पूर्ण झाली, आणि मावशींनी कापड आखायच्या पेन्सिलीने सही केली.

विमानतळाच्या दाराशी शिपाई पासपोर्ट बघत होता. मावशीही लेकीला सोडायला आल्या होत्या. अकरा मुलं आत गेली. बारावी मावशींची लेक. तिने कमरेशी हात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, खिसा उघडत नाहीये!"

बाईंनी चाचपून पाहिलं. पासपोर्ट आत होता, पण खिसा चारी बाजूंनी, दुहेरी दोऱ्याने, पक्का शिवलेला. बाकी अकरांच्या खिशाचं तोंड नेहमीसारखं उघडं होतं. लेकीचा पासपोर्ट आत सरकवला तेव्हा मावशींच्या हातात सुई होती, एवढंच.

"मी कधी शिवलं गं हे?" मावशी म्हणाल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"लवकर करा," शिपाई म्हणाला. "दार बंद होईल."

मावशींच्या पिशवीत कात्री कायम असे, हे बाईंना ठाऊक होतं. पण मावशी पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. अजून थोडा वेळ त्या तशाच राहिल्या असत्या, तर विमान लेकीशिवाय गेलं असतं, आणि कुणी त्यांना दोषही दिला नसता.

लेकीने घाई केली नाही. हळूच म्हणाली, "आई, तू म्हणशील तसं."

तेव्हा मावशी फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

"कात्री, मावशी?" बाईंनी विचारलं.

"नको. कापडाला लागेल." त्यांनी लेकीच्या कमरेशी वाकून दोरा दातांनी तोडला आणि नखाने एकेक टाका उसवत गेल्या.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. हलू नकोस. फार घट्ट घातलाय मेला टाका!"

लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटचा टाका निघाला. मावशींनी पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि मोकळा खिसा दोनदा थोपटला.

लेक आता त्या मिशनशाळेच्याच गावातल्या दवाखान्यात परिचारिका आहे. मावशी निवृत्त झाल्या, पण सुट्टीआधीचा आठवडा शिवणखोलीत येतात आणि बारा खिसे शिवून जातात. हल्ली खिशाला बटण असतं.